खडखड

बापाने गॅरेज बुजवलं, हे मला फोनवर कळलं.
आई म्हणाली, "तुझा बाप पुन्हा खाणीत उतरलाय."

एकतीस वर्षं पोटॅशच्या खाणीत,
सॅस्काटूनच्या गव्हाखाली किलोमीटरभर खोल,
आणि निवृत्तीच्या दुसऱ्या हिवाळ्यात
हा माणूस घरातच काळोख बांधायला बसला.
भिंतीच्या आत भिंत, मधे दगडी लोकर,
जिप्समचे दुहेरी तक्ते,
त्यांच्यामधे कधीच पुरता न वाळणारा हिरवा गोंद.
छताला काळा रंग, इतका मुका
की हात लावल्याशिवाय छत आहे हे पटू नये.
आई म्हणाली, काळोखाचा कंटाळा कसा येत नाही तुला, मायरन?
"तिथला कंपनीचा होता," तो म्हणाला. "हा माझा."

ट्रक बाहेर आला. उणे तीसमध्ये
इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर त्याला विजेची वायर,
सलाईन लावल्यासारखी.

दार मात्र बाहेरून होतं तसंच ठेवलं,
पांढरं, पत्र्याचं, खाली माझ्या सायकलने पाडलेला पोचा.
रस्त्याला वाटावं, इथे गाडी झोपते.

माझ्या पहिल्या गाडीने गाळलेला तेलाचा डाग
काढायला तो तीन उन्हाळे झटला होता.
आता त्यावर गालिचा,
आणि फूटपट्टीने मापून, बरोबर डागावर
आईची खुर्ची.

खुर्च्या सहा. माणसं दोन.
वाकावचं थिएटर बंद पडलं तिथून लिलावात आणलेल्या.
एक डावीकडे कलते.
एकीच्या बुडाखाली कुणाचं तरी च्युइंगगम,
दगड झालेलं. ते त्याने खरवडलं नाही.
"त्याचं तिकीट होतं," म्हणाला.

सगळं जमलं, फक्त एक खडखड राहिली.
पडद्यावर ढग गडगडला, घोडे धावले
की कुठेतरी काहीतरी किणकिणायचं.
बापाने स्क्रू आवळले, दिवे उतरवले,
जाळीखाली नमदा चिकटवला,
आईच्या विणायच्या सुया जप्त केल्या.
नोव्हेंबर गेला.
पूर्वी आमचं बोलणं हवामानावर संपायचं,
आता खडखडीवर सुरू व्हायला लागलं.
"सापडली?"
"नाही. पण पंख्यात नाही, एवढं नक्की."

जानेवारीत मी रेजायनाहून निघाले, न कळवता.
मागच्या सीटवर दोन बॅगा आणि एक इस्त्री.
इस्त्री का उचलली, ते आजही सांगता येणार नाही.
बाकीचं सगळं त्याचं त्याला ठेवून आले.

बेल दाबली. पुन्हा दाबली.
फोन केला, तर तो स्वयंपाकघरातच वाजत राहिला,
काचेतून दिसत होता, ओट्यावर थरथरताना.
माझ्या गाडीत अजून गॅरेजचा जुना रिमोट होता.
दाबला, सवयीने.
दार जागचं हललं नाही.
हललं असतं तरी मागे भिंत.

मग हातमोज्यासकट तळवा पत्र्यावर ठेवला,
आणि आतून कुणीतरी हुंकार दिला.
जाड आवाज भिंत मानत नाही.
एवढी लोकर, एवढा गोंद,
तरी एक धपधप माझ्या कोपरापर्यंत आली.
घरात आहेत.

मी मुठीने दार बडवलं,
लहानपणी किल्ली विसरले की बडवायचे तसं.
धपधप थांबली.
थोड्या वेळाने बाजूचं दार उघडलं.
सपाता, हातात स्क्रूड्रायव्हर,
कपाळावर खाणीतला दिवा.
उजेड माझ्या तोंडावर पडला,
तिथून बॅगांवर, तिथून इस्त्रीवर,
आणि परत.
त्याने काही विचारलं नाही. दिवा विझवला.
मान वळवून आत ओरडला,
"डार्का, सापडली!"

मी कलती खुर्ची घेतली.
आई मधल्या खुर्चीत, कधीच झोपलेली.
सिनेमा कुठला होता, आठवत नाही,
पाऊस होता त्यात, खूप.
आणि खडखड अजून होती,
डावीकडे, बहुधा छतात.
बापाने एकदा मान वर केली,
मग खाली.
स्क्रूड्रायव्हर माझ्या मांडीवर ठेवला,
आणि उठला नाही.